माणूस उभा आहे तोवर सूर

चेतना रहांगडालेला एका जागी गप्प बसलेलं कोणी पाहिलं नाही. म्हणजे वरचं अर्धं अंग गप्प बसे, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. खाली पाय मात्र चालूच. जेवताना, वर्गात, तिरोड्याहून गोंदियाला जाणाऱ्या बसमध्ये तिच्या टाचा वरखाली होत राहायच्या. शेजारची बाई वैतागून विचारी, पोरी, पोटात दुखते का? चेतना ओशाळून पाय आखडून घेई आणि पुढचा थांबा यायच्या आत टाचा पुन्हा सुरू. जित्याची खोड म्हणतात ती हीच. फक्त ही खोड तिला लागली होती बापामुळे आणि बापाला ऑर्गनमुळे.

बाप केशोराव. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारा माणूस, पण दिवाळी सरली की त्याच्यातला शेतकरी रजेवर जायचा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. मंडईला पाहुणे येतात, पाहुण्यांसाठी नाटक लागतं आणि नाटकाला ऑर्गन लागतो. दोन्ही पायांनी खालचा भाता हाणायचा, दोन्ही हातांनी वरच्या पट्ट्या वाजवायच्या आणि मान वर करून मंचावरच्या नटाच्या तोंडाकडे बघत राहायचं, असं हे तिहेरी काम. केशोरावांनी ते उभं आयुष्य केलं आणि शेजारी चटईवर बसून पोरीने ते पाहिलं. हातांच्या आधी ती पायच शिकली, कारण तिच्या डोळ्यांसमोर होते ते बापाचे पायच.

केशोरावांची शिकवण्याची पद्धत म्हणजे न शिकवण्याची. पोरगी चुकली की ते नुसते खोकायचे. पण एक गोष्ट मात्र त्यांनी तिला स्वच्छ शब्दांत सांगितली होती: "माणूस मंचावर उभा हाये ना, तोवर सूर सोडाचा नाही."

यामागे कारण होतं. झाडीपट्टीचा नट म्हणजे देवमाणूस, पण देवाची पाठांतराची बोंब. कधी संवाद विसरायचा, कधी पडदा अडकायचा, कधी खलनायक चहाला गेलेला असायचा. अशा वेळी मंचावर एकट्या पडलेल्या माणसाखाली ऑर्गनने सूर धरून ठेवायचा. सूर असला की माणूस विसरलेला दिसत नाही, विचारात पडलेला दिसतो. एकदा चिचगडला एक राजा दरबारात पार कोरा झाला. केशोरावांनी त्याच्या आवाजाची पट्टी ओळखून असा काही सूर धरला की राजाला स्वतःच्या फजितीचं रडू फुटलं. लोकांना वाटलं, राणीच्या दुःखाने रडतो आहे. त्यांनी वन्समोअर दिला. त्या राजाने पुढे जन्मभर केशोरावांना मंडईचा पहिला पानाचा विडा दिला.

पण दिवस पालटले. नाटक कंपन्यांनी कीबोर्ड घेतले. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की तबला, वर ओझं नाही. केशोराव भांडले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हता. चेतनाने मात्र एक हंगाम कीबोर्डवर काढून पाहिला आणि घरी येऊन सांगितलं की त्याला श्वास नाही. आई देवकाबाई म्हणाली, नसेना, पोटाला तर देते. चेतनाला ऑर्गनच वाजवायचा होता आणि आता वाजवायला ऑर्गन कुठेच उरला नव्हता. बाप थांबला तो वयाने थांबला. आपण विशीतच थांबायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

अशात एक दिवस ती गोंदियात कॉलेजमधून रेल्वे वसाहतीच्या बाजूने येत होती. तिथे इंग्रजांच्या काळातलं लाल विटांचं चर्च आहे. गोऱ्या रेल्वे साहेबांनी स्वतःसाठी बांधलेलं. आतून एक सूर येत होता. एकच, लांबलचक, न थकणारा. तो थांबायचा आणि त्याच्या शेजारचा सुरू व्हायचा. चेतनाने चप्पल दाराशी काढली आणि ती आत गेली.

आत भिंतीला टेकून छतापर्यंत नळ्याच नळ्या उभ्या होत्या. काही बोटाएवढ्या, काही माणसापेक्षा उंच. कोलकात्याहून आलेला मिस्त्री एकेक नळी सुरात लावत होता. साहेबांनी विलायतेहून आगबोटीने आणि मग मालगाडीने आणलेला हा ऑर्गन कित्येक वर्षं मुका पडला होता. चर्चच्या मंडळींनी हट्टाने तो दुरुस्त करून घेतला होता, पण वाजवणारं माणूस गावात नव्हतं. चुलीवर आधण ठेवलं आणि घरात तांदूळ नाही, तशी गत. चर्चचे पाद्री सुखराम मसीह मिस्त्रीच्या मागे हात बांधून उभे होते. मवाळ माणूस. बोलणं इतकं हळू की रविवारचं प्रवचन पहिल्या दोन बाकांपलीकडे पोचत नसे आणि मागच्या बाकांवरचे भाविक डोळे मिटून जे करायचे त्याला प्रार्थना म्हणायची रीत होती. चेतनाने त्यांना विचारलं, मी जरा बसून पाहू? ऑर्गन येतो मला, नाटकातला. पाद्रीबाबा म्हणाले, बैठो बेटी.

ती बसली. हात पट्ट्यांवर ठेवले आणि पाय, अर्थातच, भाता हाणू लागले.

आता या ऑर्गनचा भाता विजेच्या मोटारीवर चालतो, हे तिला कोण सांगणार? आणि पायाखाली लाकडाच्या लांब पट्ट्या असतात त्या हाणायच्या नसतात, वाजवायच्या असतात, हे तरी कोण सांगणार? सर्वांत मोठ्या नळ्या त्या पायपट्ट्यांना जोडलेल्या. चेतनाच्या दोन्ही टाचांखालून असा काही हंबरडा फुटला की बाकं थरथरली. चर्चची झाडलोट करणारी नंदाबाई झाडू घेऊन धावत आली. तिला वाटलं, इंजिन रूळ सोडून आत शिरलं. मिस्त्री शिडीवरून खाली उतरला. चेतनाचं तोंड लाल झालं होतं आणि पाय अजून चालूच होते.

मिस्त्री हसला, नंदाबाई हसली. पाद्रीबाबा हसले नाहीत. ते म्हणाले, कल भी आना.

पुढचे काही महिने म्हणजे चेतना विरुद्ध चेतनाचे पाय असा खटला होता. नागपूरहून एक बाई शनिवारी शिकवायला येऊ लागल्या. मोठ्या जाणकार, चष्म्यावरून बघणाऱ्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. त्यांनी चेतनाचे हात पाहिले आणि मान डोलावली. पाय पाहिले आणि चष्मा पुसला. हात चांगले म्हणजे किती चांगले, तर कागदावरच्या खुणा वाचायला ती पावसाळ्याच्या तोंडाशी शिकली आणि आषाढात मॅडमपेक्षा थोडीच हळू वाचत होती. पण पाय! सुराच्या ऐन भरात आले की ते आपले जुन्या कामाला लागत. मॅडमनी टाचा बांधून पाहिल्या. समोर आरसा ठेवून पाहिला. शेवटी त्या म्हणाल्या की खाली बघायचं नाही, पायांना जागा आपोआप कळली पाहिजे. हे म्हणजे पोहता येईना त्याला, नदी आपोआप कळते, असं सांगण्यापैकी झालं.

तोडगा निघाला तो घरच्या बांधीत, धानाच्या शेतात. रोवण्याला माणसं मिळेनात म्हणून देवकाबाईने पोरीला घरी थांबवून घेतलं. चेतना गुडघाभर चिखलात वाकून मायच्या शेजारी धान रोवू लागली. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, उजव्या हाताने रोवणं चाललेलं, तोंडाने गाणं आणि पाय एकेक पाऊल मागे. बाई रोवणा करते तेव्हा मागे वळून पाहत नाही. तिच्या पायांना चिखल कळतो, बांध कळतो, शेजारणीचा पाय कुठे आहे तेही कळतं. दुपारपर्यंत रोवल्यावर चेतना एकदम ताठ उभी राहिली.

मायने विचारलं, काऊन थांबली वं? चेतना म्हणाली, "माय, माहे पाय आपल्या मनानं चालून राहिले." देवकाबाईला यात नवल करण्यासारखं काही दिसलं नाही. तिने दुसरी जुडी पुढे केली.

पुन्हा गोंदियाला गेल्यावर चेतनाने चर्चमध्ये चप्पलच नव्हे, मॅडमनी घालायला लावलेले मोजेही काढले. पायांना तिने थांब म्हणणं सोडून दिलं. त्यांना चालायला सांगितलं. एक पाऊल डावीकडे, एक मागे, टाच, बोटं, पुन्हा टाच. लाकूड गुळगुळीत होतं, चिखल नव्हता, तरी पायांनी जागा ओळखली. खोड गेली नाही, खोडीला काम मिळालं. मॅडमनी पुढच्या शनिवारी चष्मा पुसला नाही. अनवाणी वाजवणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

आता खरी अडचण चर्चच्या कमिटीची होती. कमिटीचे सचिव मुन्नालाल मसीह, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, शिस्तीचे भोक्ते. त्यांचं म्हणणं असं की मुलगी भली आहे, पण नाटक कंपनीतली आहे. नाटकात लोक शिट्या मारतात. देवाच्या घरी ही सवय चालायची नाही. पाद्रीबाबांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, ते नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी ठरलं की दुरुस्त झालेल्या ऑर्गनचा एक जाहीर कार्यक्रम करायचा. चेतना वाजवेल, मॅडम ऐकतील. मॅडम हो म्हणाल्या तर दर रविवारी ऑर्गनवर चेतना. नाही म्हणाल्या तर नागपूरहून महिन्यातून एकदा कोणीतरी येईल आणि एरवी ऑर्गनला झाकण. चेतनाला यातलं दुसरं वाक्य रात्रंदिवस ऐकू येत राहिलं.

मॅडमनी बजावलं ते एकच. रचना संपली की हात उचलायचे. मग शांतता. चर्चमध्ये शांतता हीसुद्धा वाजवायचीच गोष्ट आहे. चेतनाने ते वहीच्या पानापानावर लिहून ठेवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी गावाकडून दोन काळीपिवळ्या जिपा भरून आल्या. पोरगी गोंदियात वाजवते म्हटल्यावर नाटकवेडी माणसं घरी बसतील? म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, आणि कोसा रेशमाच्या सदऱ्यात ताठ झालेले केशोराव. सगळ्यांनी चर्चच्या पायरीवर चपला काढल्या. देवाचं घर म्हटल्यावर त्यात विचारण्यासारखं काय आहे? आत बूट घालून बसलेल्या मंडळींना त्या चपलांच्या ढिगाकडे पाहून चोरट्यासारखं झालं. एकदोघांनी बाकाखाली हळूच बूट सोडवले. मुन्नालाल दाराशी उभे राहून एकेकाला सांगत होते, यहाँ ताली नहीं बजाते. शिट्टीबद्दल ते बोलले नाहीत, पण नजर तेच सांगत होती.

चेतनाने सुरुवात केली. पहिलं गीत साधं होतं, मंडळींच्या रोजच्या ओळखीचं. दुसरी विलायती रचना, चारी बाजूंनी धावणारी. तिचे हात धावले आणि पाय त्यांच्याखाली बिनचूक चालत राहिले. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. गावाकडच्या मंडळींना यातलं काही ओळखीचं नव्हतं, पण पोरीचे पाय काय करून राहिले आहेत ते सर्वांना दिसत होतं. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. रचना संपली. चेतनाने हात उचलले. शांतता झाली, अगदी मॅडमना हवी तशी.

मग कार्यक्रमात ठरल्याप्रमाणे पाद्री सुखराम मसीह आभाराचे चार शब्द बोलायला वेदीपाशी उभे राहिले. हातात कागद. ते उभे राहिले, त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा होता तो सुलटा केला. समोर एवढी गर्दी त्यांनी त्या चर्चमध्ये कधी पाहिली नव्हती. त्यांचं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

आणि चेतनाचा हात पट्टीवर गेला.

तिने नेला नाही, गेला. पाद्रीबाबांच्या आवाजाची पट्टी, पांढरी दोन, तिला इतक्या महिन्यांत पाठ झाली होती. लहानशा नळ्यांतून तो सूर हळूच निघाला आणि त्या एकट्या उभ्या माणसाखाली जाऊन बसला. तो ऐकू आल्यावर चेतनाला कळलं, आपण काय केलं ते. मॅडमचे डोळे उघडले होते. दाराशी मुन्नालाल सरळ झाले होते. हात काढावा? पण माणूस तर उभा होता. आता सूर काढून घ्यायचा म्हणजे चढलेल्या माणसाखालून शिडी काढायची. गेला ऑर्गन तर गेला, असं तिने मनाशी म्हटलं आणि हात तिथेच ठेवला.

पाद्रीबाबांनी ऑर्गनकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"मेरी दादी इस चर्च में झाड़ू लगाती थी," ते म्हणाले. आवाज त्या सुरावर टेकला होता आणि शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ गेला. "साहब लोग के सामने अंदर बैठने की बात ही नहीं थी. ये बाजा बजता था तो वो बाहर, उस दरवाज़े के पास खड़ी रहती थी."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मुन्नालाल तिथेच उभे होते. ते एक पाऊल बाजूला सरकले.

पाद्रीबाबा थांबले. चेतनाने सूर तसाच ठेवला, फक्त खाली पायाने एक जाड स्वर हलकेच लावला. थांबलेल्या माणसाला घाई नाही, असं सांगणारा. ते पुढे बोलले. दादी त्यांना लहानपणी तो बाजा तोंडाने वाजवून दाखवायची. म्हणायची, मी बाहेरून ऐकलाय, एकदा आतून ऐकायचाय. पण साहेब गेले तसा बाजाही बंद पडला आणि मग दादी गेली.

"आज मैं अंदर बैठ के सुन रहा हूँ," ते म्हणाले. "और ये लड़की बजा रही है. बस, इतना ही बोलना था."

ते खाली उतरून बाकावर बसले. तेव्हा चेतनाने हात उचलला.

नंदाबाई पदराने डोळे पुसत होती. समोरच्या बाकावरच्या मडमांसारख्या बायकाही पुसत होत्या. एवढ्यात मागच्या बाकांवरून, चोरखमाऱ्याहून आलेल्या मंडळींतून, एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला: "वन्समोअर!"

पाठोपाठ सगळी मागची बाकं, वन्समोअर, वन्समोअर. पाद्र्याला भाषणासाठी वन्समोअर मिळाल्याची गोष्ट ख्रिस्ती जगात दुसरीकडे कुठे घडली असेल तर मला माहीत नाही. पाद्रीबाबा गोंधळून अर्धे उठले, पुन्हा बसले. मुन्नालालनी डोक्याला हात लावला. टाळीचं त्यांनी तोंडाने सांगितलं होतं, शिट्टीचं नजरेने, वन्समोअरचं सांगायचं राहून गेलं होतं. मग समोरच्या, बूट घातलेल्या मंडळींपैकीही कोणी हसलं आणि हसता हसता सगळं चर्च मोकळं झालं.

चेतना ऑर्गनकडे वळली. शेवटची रचना उरली होती, सर्वांत अवघड. जे जायचं ते गेलं, आता भीती कसली? तिने ऑर्गनच्या बाजूच्या सगळ्या खुंट्या ओढून लहानमोठ्या सगळ्या नळ्या उघडल्या आणि अनवाणी पायांनी ती अशी चालली की जमीन घुमली, काचा घुमल्या आणि बाहेर रस्त्यावर सायकलवाले उतरून उभे राहिले. तिला स्वतःला फार आनंद झाला होता. हा आनंद कुणाच्या हो किंवा नाहीवर अवलंबून उरला नव्हता. केशोराव दुसऱ्या बाकावर बसून मान वर करून पोरीकडे बघत होते आणि त्यांच्या टाचा वरखाली होत होत्या. या खेपेला टाळी वाजवू नका हे कोणी ऐकलं नाही. पहिली टाळी तर समोरच्याच बाकावरून पडली.

मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या, भाषणाखाली न सांगता वाजवणं ही चूक होती आणि चुकीला त्या चूकच म्हणतील. चेतनाने मान खाली घातली. मॅडम पुढे म्हणाल्या, "बाकी मुलगी तुमची आहे. तिला सोडू नका."

मुन्नालाल पुढे आले. शिस्तीचा माणूस, सरळ मुद्द्यावर आला. त्यांनी चेतनाला विचारलं की रविवारी पहिल्या बसने निघालीस तर उपासनेच्या आधी पोचशील ना. बोलता बोलता त्यांनी तिला, नाटक कंपनीतली मुलगी न म्हणता, पहिल्यांदा नावाने हाक मारली.

केशोराव गर्दी जरा पांगू लागल्यावर जवळ आले. चेतना वाट बघत राहिली, ते खोकतात का. ते खोकले नाहीत. ऑर्गनच्या पट्ट्यांवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "माह्यापेक्षा चांगलं वाजवलं तू." एवढं कौतुक त्या माणसाने कधी कुणाचं केलं नव्हतं. चेतना तिथेच, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडली आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी ती वेळेच्या आधीच पोचली. उपासना सुरू झाली. मागची बाकंही भरली होती आणि शनिवारी शिकवायला आलेल्या मॅडम मुक्काम करून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. पाद्री सुखराम मसीह प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं, मंडळींकडे पाहिलं, पण बोलायला सुरुवात केली नाही. ते ऑर्गनकडे बघून थांबले होते. चेतनाने परवानगी मागितल्यासारखं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान डोलावली आणि चेतनाने सूर दिला.